मुलगी सेशनला असते

९ जानेवारी

चि. ढमीला,

हात, पाय, मनगटं आणि दहाही बोटं शाबूत राहोत, हा आशीर्वाद आधी. बाकीचे मागाहून.

परवा तुझा फोन आला तेव्हा टेलरने शेजारून हाक मारली. हातातलं घड्याळ तसंच उघडं टाकून धावलो. पण त्याचा फोन म्हणजे नुसती खरखर. तुझं अर्धं बोलणं तारेतच राहिलं. तेव्हा यापुढे पत्रच लिहीत जा. फोनवरचं हवेत जातं, पत्र पुन्हा काढून वाचता येतं. माझी शाळा सहावीत सुटली, पण अक्षर लावून लावून वाचतो. तू जरा मोठं काढ.

हॉटेलातला बँड सोडलास आणि आता सेशन करतेस, एवढं मला कळलं. टेलर फोनपाशी कान लावूनच उभा. "काय म्हणते मुलगी?" मी म्हटलं, "सेशनला लागली." झालं. त्याने समोरच्या चप्पलवाल्याला सांगितलं, की घड्याळवाल्याची मुलगी सेशन कोर्टात लागली. संध्याकाळी चप्पलवाला कागदांची पिशवी घेऊन हजर. त्याचं आणि त्याच्या शेजाऱ्याचं भिंतीवरून भांडण आहे. "ताईंना विचारा ना, तारीख जरा अलीकडची मिळेल का?" मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने चहा आणला आणि तो म्हणाला, "कोर्टाच्या घरचा चहा! वा!" तोंड मिटलं. आता मी काय करू?

सेशन म्हणजे नक्की काय, ते लिही. हॉटेलवाल्यांनी काढलं का तुला? काढलं असेल तर स्पष्ट लिही, मी तयारी करून ठेवली आहे. बसायला पाठ असलेली खुर्ची देतात का? खोलीला खिडकी आहे का?

आणखी एक. तू इतकी वर्षं वाजवतेस, पण मी तुला नीट ऐकलेलं नाही. लहान होतीस तेव्हा दुकानाच्या फळीवर बडवायचीस आणि मी ओरडायचो. मग तू गेलीसच. मला तुझं वाजवणं एकदा ऐकायचं आहे. एकदाच, पण नीट. ते कुठे ऐकायला मिळेल, तेवढं कळव.

बाबा

ता. क. मी आत्या. दादाची मागची दाढ ठणकते आहे. ती एकच खरी उरली आहे, बाकी सगळी कवळी. दातांचा डॉक्टर म्हणतो काढा. हा काढू देत नाही. जसं काही सोन्याची आहे. तू लिही त्याला.


२१ जानेवारी

ती. बाबा,

दहाही बोटं जागेवर आहेत. डाव्या अंगठ्याला घट्टा आहे, पण तो आता घरचाच झाला आहे.

मला कोणी काढलं नाही. मीच सोडलं. हॉटेलात लोक जेवायचे आणि मी त्यांच्या चमच्यांना ताल द्यायचे. एकदा बँडवाल्यांच्या ओळखीतल्या एका ड्रमरचं मनगट मोडलं आणि त्याच्या जागी एका गाण्यापुरतं मला नेलं. त्यानंतर बोलावणी येत राहिली.

सेशन म्हणजे एवढंच: कोणालातरी गाणं रेकॉर्ड करायचं असतं. चाल त्याची, आवाज त्याचा. ड्रमला माणूस लागतो म्हणून मला बोलावतात. मी जाते, ऐकते, वाजवते, सामान आवरून घरी येते. त्या बैठकीला सेशन म्हणतात. तुमच्याकडे घड्याळ येतं तसंच. आतली चाकं तुम्ही बसवता आणि तबकडीवर नाव कंपनीचं. माझ्याही तबकडीवर नाव दुसऱ्याचंच असतं. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला कुठे वाटतं?

परवाचा दिवस ऐका. सकाळी साबणाची जाहिरात, दुपारी प्रेमभंग, संध्याकाळी लहान मुलांचं बेडकाचं गाणं. प्रेमभंगवाला संगीतकार मला म्हणाला, "छान आहे, पण जरा तपकिरी वाजवा." मी मान हलवली, काठी बदलली आणि तेच पुन्हा वाजवलं. तो उडालाच. "हेच! हेच म्हणत होतो मी!"

खुर्चीला पाठ नाही. ड्रमरच्या स्टुलाला नसतेच. खिडकीही नाही, बाहेरचे आवाज येतात म्हणून. आणि दिवसभर कानात सारखी टिकटिक. कधी कधी घरी आल्यावरही ती चालूच राहते. सवय झाली आहे.

चप्पलवाल्याला खरं सांगून टाका. आणि दाढ काढून टाका. एका दाढेसाठी एवढा हट्ट कशाला?

तुमची ढमी


२ फेब्रुवारी

चि. ढमे,

तुझं पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. कानात टिकटिक हे तू किती सहज लिहून टाकलंस! आणि वर 'सवय झाली आहे'!

कानात काही घालू नकोस. काडी तर नाहीच. डॉक्टरकडे जा. इथल्या डॉक्टरला मी तुझ्या वतीने विचारून आलो. तो म्हणाला, मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगा. आता तू ड्रमपासून लांब कशी राहणार? हात तेवढे लांब नाहीत. तरी मधे मधे उठून बाहेर उभी राहत जा. कापूस मिळतो का तिकडे? पाठवू का?

हे दुखणं चोरपावलांनी येतं, ढमे. आधी पाखरं जातात. मग कुकरची शिट्टी जाते. मग वाटायला लागतं, की सगळी माणसं मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतात. असं म्हणतात. मला एकाने सांगितलं.

चप्पलवाल्याला सांगायला गेलो होतो. त्याने माझी चप्पल पायातून काढून घेतली, नवा पट्टा घातला आणि म्हणाला, "घरचंच समजा. ताईंना नमस्कार सांगा." आता नव्या पट्ट्याची चप्पल घालून खरं कसं बोलायचं?

दाढेचं आत्याला काय करायचं आहे? ती माझ्या उपयोगाची आहे. तो विषय बंद.

कुठल्या गाण्यात तू आहेस ते तू लिहिलंच नाहीस. साबण नको. गाणं सांग.

बाबा


१५ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुमचं पत्र मी स्टुडिओत वाचलं आणि एवढी हसले, की रेकॉर्डिस्ट काका काचेमागून बाहेर आले. त्यांना वाचून दाखवलं. आता ते मला रोज कापूस हवा का विचारतात.

अहो, ती टिकटिक दुखण्याची नाही. ती हेडफोनमधून मुद्दाम वाजवतात. तिला क्लिक म्हणतात. गाणं जलद किंवा संथ होऊ नये म्हणून ती चालू ठेवायची आणि तिच्या बरोबर वाजवायचं. पहिल्यांदा बरेच जण घाबरतात, कोणी तिच्या पुढे पळतं, कोणी मागे पडतं. मला पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "तुम्ही याआधी क्लिकवर वाजवलंय?" मी म्हटलं, "मी क्लिकमध्येच वाढले." आपल्या दुकानातल्या भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम चालत असायची आणि मी खाली फळीवर बडवत असायचे. तुम्ही ओरडायचात ते मी घड्याळांना सोडून भलतीकडे गेले की. आठवतं? "त्यांच्याबरोबर राहा की गं जरा!"

आता तुमचं गाणं. एका मोठ्या गायिकाबाईंचं आहे. मे महिन्यात येईल आणि रेडिओवर भरपूर लागेल. त्यात मी तुमच्यासाठी एक खूण ठेवली आहे. शेवटच्या कडव्याआधी सगळे गप्प होतात आणि मी एकटी वाजवते. दोन थापा, मग जरा थांबून एक. आपल्या दाराची थाप! शाळेतून आले की मी अशीच वाजवायचे आणि तुम्ही न बघता म्हणायचात, "उघडंच आहे." संगीतकाराला कारण सांगितलं नाही. त्याला ती आवडली.

ती थाप ऐकलीत की समजा, मी दारात आले.

तुमची ढमी


१४ मे

चि. ढमे,

ऐकलं! तुझं गाणं ऐकलं!

रेडिओवर दुपारी लागणार असं कळलं म्हणून मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. टेलर आला, त्याची बायको आली, चप्पलवाला आला आणि ज्याच्याशी त्याचं भांडण आहे तो शेजारीही आला. दोघं दोन टोकांना उभे. कोर्टातली मुलगी गाण्यात कशी, असं कोणी विचारेल अशी मला धास्ती होती. पण कोणी विचारलं नाही. बिस्किटं होती.

काय वाजवलंस गं! सुरुवातीपासून नुसता दणका. काउंटरची काच थरथरत होती. आणि शेवटच्या कडव्याआधी सगळे गप्प झाले आणि तुझी थाप आली. दोन, मग एक. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ही! ही माझी मुलगी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझी एक मोठी काळजी मिटली. आता तू सुखाने वाजव.

बाबा


२ जून

प्रिय आत्या,

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. ते दुकानात असताना वाच.

मी बाबांना उत्तर लिहिलेलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नाही. त्या गाण्यात ड्रम नाहीत. गाणं बाहेर पडायच्या दोन दिवस आधी गायिकाबाईंनी ठरवलं, की नुसत्या पियानोवरच ठेवायचं. माझं सगळं काढून टाकलं. थापही गेली. आमच्या कामात असं होतं आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण बाबांना कळवायचा धीर झाला नाही. वाटलं, ते स्वतःच लिहितील, की ढमे, तू कुठेच दिसली नाहीस.

तर त्यांनी दणका ऐकला. काच थरथरली. थाप ऐकली. आत्या, त्या दिवशी तिथे नेमकं काय झालं?

ढमी


९ जून

ढमे,

मला वाटलंच होतं, ड्रमचं गाणं एवढं शांत कसं. पण मला गाण्यातलं काय कळतं! मला वाटलं, हल्ली हळू वाजवत असतील.

तुझ्या बापाला ऐकू येत नाही. आता लिहून टाकलं. दीडेक वर्ष झालं असेल. आधी मला वाटायचं की मुद्दाम करतो, कारण तो आधीपासूनच माझं ऐकत नव्हता. मग एकदा कुकर करपला आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. टेलरच्या फोनची खरखर वगैरे सगळं खोटं. तुझ्याशी फोनवर बोलावं लागू नये म्हणून पत्रं.

त्या दिवशी तो रेडिओकडे बघतच नव्हता. आमच्या तोंडांकडे बघत होता. टेलरच्या बायकोने मान हलवली की हाही हलवायचा. ती बाई इतकी सुंदर गात होती, की चप्पलवाला आणि त्याचा शेजारीसुद्धा गप्प उभे होते. आणि मधेच, अगदी नाजूक जागी, ह्याने काउंटरवर हात आपटला. "ही! ही माझी मुलगी!" काच थरथरली ती त्याच्याच हाताने. आम्ही टाळ्या वाजवल्या, नाहीतर काय करणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं आहे. पण गाण्याने नव्हे.

मी सांगितलं असं त्याला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. भांडायला मी खंबीर आहे.

आत्या


२० जून

ती. बाबा,

आधी माझं सांगते. त्या गाण्यातून माझं वाजवणं काढून टाकलं. मी काही चुकले नव्हते. बाईंना वाटलं, गाणं पियानोवरच खुलतं. खरं सांगू? खुललंय. मी असते तर मीही काढलं असतं. तुम्ही नाही का चालत्या घड्याळातलं जादाचं चाक काढत? त्यानंतर मला दुसऱ्या चार जणांनी बोलावलं, बाईंनीही पुन्हा बोलावलं. तेव्हा काळजी करू नका. हे मी तुम्हाला मे महिन्यातच कळवायला हवं होतं.

आता तुमचं. बाबा, त्या गाण्यात नसलेली थाप तुम्ही ऐकलीत. मी रागावले नाहीये. फक्त विचारते: पाखरं कधी गेली?

तुमची ढमी


१ जुलै

चि. ढमे,

आत्या चुगलखोर आहे. लहानपणापासून आहे.

पाखरं गेल्याच्या गेल्या वर्षी गेली. कावळा अजून येतो, पण पातळ. माणसांचं तोंड बघितलं की बरंचसं कळतं. टेलरला मिशी आहे, त्याचं कळत नाही.

मी तुला सांगितलं नाही, कारण तू ऐकलंस की सगळं टाकून येशील. मग तुझी जागा दुसरा कोणी घेईल. मग तू इथे फळीवर बसशील आणि मला उठल्या बसल्या वाटेल, माझ्या कानापायी पोरीचे हात गेले. तेव्हा येऊ नकोस. अजिबात येऊ नकोस. हे मी दोनदा लिहितो आहे.

तू विचारशील, मग घड्याळं कशी दुरुस्त करता? ऐक. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण कोणाला सांगू नकोस. मी दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसतो, पेन्सिलीचं एक टोक घड्याळाच्या पाठीवर टेकवतो आणि दुसरं टोक मागच्या दाढेत धरतो. टिकटिक सरळ डोक्यात येते. अगदी स्वच्छ. लंगडतं आहे की सरळ चालतं आहे, सगळं कळतं. कवळीत धरून बघितलं, नाही येत. कवळी ठार बहिरी आहे. ती एकच दाढ ऐकते. आता कळलं ना मी ती का काढू देत नाही? लोक दोन कानांनी ऐकतात, मी एका दाढेने. ठणकते तर ठणकू दे.

थाप ऐकली असं खोटं लिहिलं, कारण तू ती माझ्यासाठी ठेवली होतीस. नाही ऐकली असं लिहायला हात धजला नाही. आणि बघ, ती गाण्यात उरलीही नव्हती! दोघांचा हिशेब सारखाच चुकला.

बाबा


१० जुलै

ती. बाबा,

मी येत नाही. तुम्ही या.

पेन्सिल आणू नका. माझ्याकडे काठ्या आहेत. दाढ मात्र विसरू नका.

२२ तारखेला त्या 'तपकिरी वाजवा'वाल्या संगीतकाराचं नवीन गाणं आहे. मी काकांना सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, कापूसवाल्या वडिलांना बघायचंच आहे.

तुमची ढमी


१४ जुलै

चि. ढमे,

येतो. पण काही गोष्टी आधी विचारतो.

जिना आहे की लिफ्ट? लिफ्ट असेल तर ती बंद पडते का? खिडकी नाही म्हणालीस, मग हवा कुठून येते? मला खोकला आला तर? मी बूट घालून यायचं की बाहेर काढायचे? संगीतकाराने मला काही विचारलं तर मी काय म्हणू? त्याला मिशी आहे का?

आत्या म्हणते, निघण्याआधीच एवढा दमलास तर पोचशील कसा. तिला दुकानाची किल्ली देऊन येतो आहे, पण घड्याळांना हात लावायचा नाही असं बजावलं आहे. ती म्हणाली, "मला काय चावायची आहेत ती?"

चप्पलवाल्याने विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, सेशनला. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "घाबरू नका, सगळं खरं खरं सांगून टाका."

बाबा


३० जुलै

चि. ढमे,

सुखरूप पोचलो. पिशवी, छत्री, दाढ सगळं आलं. तू बसमध्ये चढवून दिलंस तेव्हा गर्दीत काही बोलता आलं नाही आणि तू बोललेलंही मला दिसलं नाही, कारण तू तोंड फिरवलं होतंस. म्हणून लिहितो.

तुझी ती वाजवायची खोली बघून मला आधी बरं वाटलं नव्हतं. भिंतींना चिकटवलेला तो खडबडीत स्पंज बघून वाटलं, उंदरांनी खाल्ला आहे. जमिनीवर तुझ्या स्टुलाच्या पायांच्या जागा चिकटपट्टीने आखलेल्या. आणि तुझ्या ड्रमवर ते पिवळं फडकं! ते माझं घड्याळं पुसायचं फडकं आहे, हे मी लगेच ओळखलं. दोन वर्षं शोधतो आहे ते. आत्याला मी किती बोललो त्यावरून! तू म्हणालीस, ड्रम जास्त घुमू नये म्हणून टाकते. असू दे. तिथेच असू दे.

मग तू मला मोठ्या ड्रमपाशी बसवलंस, काठीचं एक टोक त्याच्या लाकडी कडेवर टेकवलंस आणि दुसरं माझ्या दाढेत दिलंस. सगळे बघत होते. मला वाटलं, आता हसतील. पण काका फक्त म्हणाले, "तयार?" हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मिशी नाही त्यांना, चांगला माणूस आहे.

मग तू पाय मारलास.

ढमे, मला वाटलं होतं, घड्याळासारखं बारीक येईल. ते बारीक नव्हतं. दाढेतून आत शिरलं आणि कपाळापर्यंत गेलं. छातीत उतरलं. मग दुसरा ड्रम, मग थाळी. सगळं येत होतं, सगळं वेगवेगळं. तू कुठे पुढे जात नव्हतीस, कुठे मागे पडत नव्हतीस. मी डोळे मिटून घेतले. घड्याळवाला आहे मी, चालतं आहे की लंगडतं, मला कळतं. तू सरळ चालत होतीस गं.

आणि मग सगळे थांबले आणि तू वाजवलंस. दोन. थांबलीस. एक.

तू मला आधी सांगितलं नव्हतंस. मी आवाज करायचा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, दारावरचा लाल दिवाही दिसत होता. पण तोंडातून गेलंच. काठी दाढेत, त्यामुळे शब्द नीट आला नसेल. मी म्हटलं, "उघडंच आहे."

त्या दिवशी तुम्ही सगळे हसलात, टाळ्या वाजवल्यात. पण बसमध्ये बसल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. मी तुमचं रेकॉर्डिंग बिघडवलं. तो संगीतकार काकांना काहीतरी म्हणत होता. तो रागावला का? आता ते गाणंही तुझं वाजवणं काढून पियानोवर करतील का? माझा आवाज खुशाल काढून टाकायला सांग. मी उभा राहून माफी मागायला तयार आहे. पण तुझी थाप राहू द्या म्हणावं. तेवढी राहू द्या.

बाबा


२६ सप्टेंबर

ती. बाबा,

उत्तराला उशीर झाला, कारण पक्कं कळल्याशिवाय लिहायचं नाही असं या वेळी ठरवलं होतं.

संगीतकार काकांना म्हणत होता, "हे पुन्हा वाजवून घेऊ नका." तरी खात्रीसाठी आम्ही मागाहून आणखी दोनदा वाजवून बघितलं, तुम्ही चहाला बाहेर गेला होतात तेव्हा. तिन्ही ऐकून त्याने पहिलंच निवडलं. म्हणाला, "यात कोणीतरी घरी आल्यासारखं वाटतं." माझ्याकडे बघून विचारतो, "कसं केलंत?" मी म्हटलं, "जरा तपकिरी वाजवलं."

थाप राहिली आहे. तुमचा आवाजही राहिला आहे. शब्द कळत नाहीत, नुसतं "उंऽऽ" असं काहीतरी खालून येतं. ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल. काका विचारत होते, हे काढू का? संगीतकार म्हणाला, "खबरदार."

तेव्हा बाबा, आता तुम्हीही सेशनचे कलाकार झालात. नाव कुठेही येणार नाही.

गाणं पुढच्या महिन्यात रेडिओवर लागेल. आपला जुना रेडिओ लाकडी पेटीचा आहे ना? पेन्सिलीला टोक करून ठेवा.

तुमची ढमी


१९ ऑक्टोबर

चि. ढमे,

आज लागलं.

मी या वेळी कोणालाच बोलावलं नव्हतं. मागच्या वेळची लाज होती. पण आत्याने परस्पर सगळ्यांना सांगितलं. टेलर, त्याची बायको, चप्पलवाला, त्याचा शेजारी. ते दोघं आता एकाच बाकावर बसतात. भिंत दोघांनी मिळून बांधायची असं ठरलं म्हणे.

सगळ्यांसमोर पेन्सिल दाढेत धरायची मला लाज वाटत होती. आत्या म्हणाली, "धर! नाहीतर पुन्हा नको तिथे हात आपटशील." धरली. दुसरं टोक रेडिओच्या पेटीवर. स्टुडिओसारखं नाही आलं, लांबून आल्यासारखं आलं. पण आलं. तूच होतीस. शेवटच्या कडव्याआधी दोन, मग एक, आणि त्याच्या खाली माझा तो उंऽऽ. मी काही म्हटलं नाही. हातही आपटला नाही. टेलरची बायकोच ओरडली, "अगंबाई, ही तर थाप! दारावरची!" न सांगता कळलं तिला.

मग मी ठरवलं, आता खरं सांगायचंच. पेन्सिल हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "हे बघा, माझी मुलगी कोर्टात नाही. ती ड्रम वाजवते."

चप्पलवाल्याने टेलरकडे बघितलं. टेलरने आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं. चप्पलवाला म्हणाला, "आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, या आत्याबाईंनी सांगितलं. पण तुम्ही सांगायला यायचात आणि न सांगताच परत जायचात ना, म्हटलं, बघू तरी किती चपला झिजवता."

मी तुला लिहिलंच आहे, आत्या चुगलखोर आहे.

दाढ कालपासून जास्त ठणकते आहे, डॉक्टर म्हणतो अजून एखादं वर्ष निघेल. तेव्हा दर महिन्याला एक तरी गाणं पाठवत जा. साबणसुद्धा चालेल.

सगळे निघताना चप्पलवाला दारात थांबला. तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाला, "मग काका? सेशनला जाऊन आलात. निकाल काय लागला?"

मी पेन्सिल पुसली, कानावर ठेवली आणि म्हटलं, "आपल्या बाजूने."

बाबा